मनाची साक्ष
(हट्टा, जिल्हा बालाघाट येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचं नाव वाचून आयोजकांपैकी एक काका मला म्हणाले, "सर, धानाच्या भावावर बोलला असता तर मंडप भरला असता. व्हिसा आणि मानसशास्त्र! हट्ट्याला त्याचं काय?" (हशा)

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मला तुम्हाला अमेरिकेला न्यायची गरज नाही. याच जिल्ह्यात, कटंगीच्या पलीकडे, तिरोडीला नेलं तरी पुरे.

तिरोडी म्हटलं की आपल्याला मॅंगनीज आठवतं, तुमसरहून खाणीपर्यंत आलेली रेल्वे आठवते. त्या तिरोडीत एक माणूस अनेक वर्षं राहिला. गावाला तो राज बहादूर म्हणून माहीत होता. त्याचं मूळ नाव वांग छी. चीनच्या शान्शी प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा, १९६० साली सैन्यात गेला, काम मोजणीदाराचं. बासष्टचं युद्ध संपल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, तो आपल्या हद्दीत पकडला गेला. त्याचं सांगणं असं की छावणीबाहेर फिरायला पडलो आणि वाट चुकलो. भूक लागली होती, थकलो होतो. रेड क्रॉसची गाडी दिसली म्हणून मदत मागितली, तर त्यांनी भारतीय सैन्याच्या हवाली केलं. सरकारी कागदांचं म्हणणं निराळं. हा हद्दीत घुसला आणि स्वतःबद्दल खोटी माहिती दिली, असं ते कागद म्हणतात. पुढची सहा-सात वर्षं निरनिराळ्या तुरुंगांत गेली. १९६९ मध्ये न्यायालयाने सोडा म्हटलं, आणि पोलिसांनी त्याला आणून ठेवलं ते तिरोडीत.

इथे त्याने पिठाच्या गिरणीत काम केलं. १९७५ मध्ये गावातल्याच मुलीशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. घरचं पहिलं उत्तर हाती पडलं तेव्हा १९८० चं दशक उजाडलं होतं. आईचा आवाज फोनवर ऐकला २००२ मध्ये, चाळीस वर्षांनी. २००६ मध्ये आई गेली. चिनी पासपोर्ट हातात आला २०१३ मध्ये. आणि प्रत्यक्ष मायदेशाच्या मातीवर पाय पडला २०१७ च्या फेब्रुवारीत, तोही बातमीदारांनी ही हकीकत जगापुढे आणल्यावर.

तारखा मी मुद्दाम ओळीने सांगितल्या. आता मला सांगा, २००२ ते २००६ या चार वर्षांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? आईचा आवाज ऐकलेला आहे, आई जिवंत आहे, आणि जाता येत नाही. या माणसाला झोप लागत होती का? जेवण जात होतं का? तुरुंगातली वर्षं रात्री परत येत होती का? घरातल्यांवर त्याचा काय परिणाम होत होता? परराष्ट्र खात्याच्या, पोलिसांच्या, वकिलातीच्या कुठल्याही अर्जात हा प्रश्न नसतो. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, मुदत. मनासाठी रकाना नाही.

जगात काही ठिकाणी मात्र असा रकाना तयार झाला आहे. स्थलांतराच्या प्रकरणात, म्हणजे कुणाला देशात राहू द्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरताना, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ त्या माणसाची तपासणी करतो आणि लेखी अहवाल देतो. तो अहवाल फायलीला लागतो, न्यायाधीश वाचतो, कधी तज्ज्ञाला उलटतपासणीलाही उभं करतात. आजचा विषय एवढाच. पण हा रकाना आधी कशासाठी उघडला होता, ते ऐकलंत तर दचकाल.

न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेट आहे. १८९२ पासून युरोपातून आलेल्या बोटींतले गरीब उतारू तिथे आणले जायचे. जिन्यावरून लोक वर चढायचे, वरून डॉक्टर बघायचे. ज्याच्या बुद्धीविषयी शंका आली त्याच्या कोटावर खडूने फुली मारायची. फुली पडली की रांगेतून बाजूला. १९०७ च्या कायद्याने मंदबुद्धी म्हणून ठरवलेल्यांना प्रवेश बंद होता. मग त्यासाठी चाचण्या आल्या. हॉवर्ड नॉक्स नावाच्या तिथल्या डॉक्टरने लाकडी ठोकळ्यांची चाचणी तयार केली. एका ठोकळ्याने समोरचे चार ठोकळे ठरावीक क्रमाने ठोकून दाखवायचे, समोरच्याने तसंच करायचं. भाषा लागू नये हा त्यामागचा विचार, आणि नॉक्सच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्याला निदान भाषेची अडचण कळली होती.

हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाला ती तेवढीही कळली नाही. १९१३ च्या सुमारास त्याने आपली माणसं तिथे बसवली, बुद्धिमापनाच्या फ्रेंच चाचण्या दुभाष्यामार्फत चालवल्या, आणि पुढे छापलं की ज्यू, हंगेरियन, इटालियन, रशियन यांपैकी प्रत्येक गटातले तपासलेले जवळपास पाचातले चार जण मंदबुद्धी आहेत. पाचातले चार! कित्येक दिवस बोटीच्या तळात पडून आलेला शेतकरी, ज्याने जन्मात पेन्सिल धरलेली नाही, त्याला चित्र आठवून काढायला सांगायचं, आणि नाही जमलं तर त्याच्या अकलेवर शिक्का मारायचा. मानसशास्त्र माझा विषय आहे. या विषयाचं स्थलांतराशी पहिलं मोठं नातं जुळलं ते असं.

आपल्या लोकांना तर त्या जिन्यापर्यंतही पोचायचं कारण उरलं नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच बंद केला, त्यात हिंदुस्थान आला. अक्कल तपासायची गरजच नाही, नकाशा बघितला की झालं. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांची सवलत मिळाली, आणि दार खरं उघडलं १९६५ च्या कायद्याने. आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात जी मराठी घरं आहेत, ज्यांची बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं गाजतात, ती या १९६५ नंतरची.

मग जो तपास लोकांना बाहेर ठेवायला सुरू झाला, तो त्यांना आत राहू द्यायच्या बाजूने कसा आला? हे कुणा एका सत्पुरुषाचं काम नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ चा निर्वासितांचा करार झाला. पुढे चिली, ग्रीस, अर्जेंटिनातून छळ सोसलेली माणसं युरोपात पोचली, आणि डॉक्टरांना दिसलं की अंगावरचे वण भरून येतात, पण माणूस अजून कोठडीतच आहे. इंगे गेनेफ्के यांनी १९८२ मध्ये कोपनहेगनला छळग्रस्तांसाठी केंद्र काढलं, हेलन बॅम्बर यांनी १९८५ मध्ये लंडनला. आश्रय मागणाऱ्याजवळ पुरावा काय असतो? पावती घेऊन कुणी कुणाचा छळ करत नाही. बहुतेक वेळा त्याचं शरीर आणि त्याचं मन, एवढाच पुरावा. तो वाचायचा कसा, याची संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेली नियमावली १९९९ मध्ये तयार झाली. तिला इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. २०२२ मध्ये ती सुधारून पुन्हा निघाली.

या नियमावलीतली एक बाब मला फार मोलाची वाटते. तज्ज्ञाने "हा खरं बोलतोय" असं लिहायचं नाही. त्याने पायऱ्या वापरायच्या: सांगितलेल्या हकिकतीशी ही लक्षणं जुळत नाहीत; जुळतात, पण दुसऱ्या कारणानेही होऊ शकतात; खूप ठामपणे जुळतात; अशा छळात नेहमी दिसतात तशी आहेत; किंवा दुसऱ्या कशानेही होऊच शकत नाहीत. पहिली पायरी कोणती, लक्षात आली? जुळत नाहीत. म्हणजे तज्ज्ञाला नाही म्हणायची मुभा कागदावरच दिलेली आहे. माझ्या सगळ्या बोलण्याचा खांब हाच आहे, म्हणून पुन्हा सांगतो. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो ला किंमत असते. वकील तुमचा, नातेवाईक तुमचे. अहवाल लिहिणारा मात्र तिऱ्हाईत हवा. तो तिऱ्हाईत राहिला तरच तुमच्या कामाचा.

अशा अहवालांचा उपयोग होतो का? फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या अमेरिकी संस्थेच्या डॉक्टरांनी तपासलेल्या आश्रयार्थींची २००० ते २००४ मधली प्रकरणं पाहिली गेली. त्यांपैकी ८९ टक्क्यांना आश्रय मिळाला, आणि त्या काळात देशभराची सरासरी होती ३७.५ टक्के. आकडा ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. ज्या प्रकरणात दम आहे तेच वकील डॉक्टरकडे पाठवतात, हा भाग त्यात आहेच. तरी फरक मोठा आहे.

आश्रयाची गोष्ट आपल्याला लांबची वाटते. पण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे, प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. त्यांचं दुःख आपण स्वेटरच्या दुकानापलीकडे कधी विचारलं नाही. तिकडे न्यूयॉर्कला बेलव्ह्यू इस्पितळात छळग्रस्तांसाठी १९९५ मध्ये जे केंद्र निघालं, त्याच्याकडे आलेल्यांत तिबेटी मोठ्या संख्येने होते. तिबेटी माणूस काय सोसून येतो ते गोंदियाच्या शेजाऱ्याने विचारलं नाही, न्यूयॉर्कच्या डॉक्टरने विचारलं. असो.

आता आपल्या घरात शिरू. आपली मुलं आश्रय मागायला जात नाहीत, नोकरीला जातात. पुण्याला, हैदराबादला, आणि तिथून पुढे अमेरिकेला. मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर जातो, सून एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. या एच-फोरचा अर्थ लग्न ठरवताना किती घरांना माहीत असतो? तिचं तिथे असणं नवऱ्याच्या कागदाला टांगलेलं असतं. त्याचा कागद गेला की तिचा गेला. २०१५ पर्यंत तिला तिथे पगाराची नोकरी करायची परवानगीच नव्हती; २०१५ पासून काहींना मिळते, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, काम एका टप्प्यापलीकडे गेलं असेल तर. एम.एस्सी. झालेली मुलगी. बँकेचं खातं त्याच्या नावावर, गाडी त्याची, फोनचा प्लॅन त्याचा. बहुतेक घरं सुखाने चालतात, हे मी जाणतो. पण ज्या घरात नवरा हात उचलतो, किंवा हात न उचलता सहा महिने घराबाहेर पडू देत नाही, पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवतो, "परत पाठवीन, तुझ्या बापाची अब्रू जाईल" हे रोज ऐकवतो, तिथे तिने काय करायचं?

अमेरिकेत १९९४ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा झाला. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर छळ सोसणारी बायको त्याच्या नकळत, स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. त्या कायद्यात मारहाणीच्या बरोबरीने पराकोटीची क्रूरता असे शब्द आहेत, आणि ही क्रूरता मानसिकही असू शकते. अशा वेळी फोटोत दाखवायला काळंनिळं काही नसतं. फोटो नसलेल्या छळाचा पुरावा म्हणजे मनाचा अहवाल.

आणि नवरा एच-वन-बी वर असेल तर? मग हा कायदा लागत नाही. आमच्या मुलींना नेमका हाच खड्डा लागतो, म्हणून जरा थांबून सांगतो. त्यांनाही घेता येईल असा यू व्हिसा २००० च्या कायद्याने आणला: काही ठरावीक गुन्ह्यांचा बळी, आणि पोलिसांना मदत करायची तयारी. पण वर्षाला मूळ अर्जदारांना दहा हजारच, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. छळ सोसणाऱ्या एच-फोर बायकांना कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीत आली, आणि तिचा अर्ज प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१७ उजाडलं. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत तिथल्या आपल्याच बायांनी काय केलं असेल तर ते अडचणीतल्या मुलींचे फोन उचलणं. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी आहे, न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ पासून, शिकागोचं 'अपना घर' १९९० पासून, कॅलिफोर्नियातली 'मैत्री' १९९१ पासून. मुलगी पाठवताना लोणच्याची बरणी बांधून देता ना? या चार नावांची चिठ्ठीही द्या.

हा अहवाल तयार कसा होतो? लोकांना वाटतं, डॉक्टरकडे जायचं, रडायचं, सही घ्यायची. तसं नाही. एक ते तीन बैठका होतात, एकेक दोन-दोन तासांची. लहानपणापासून सुरुवात: घर कसं होतं, शाळेत कशी होतीस, आधी कधी आजारी पडलीस का, लग्न कसं ठरलं. मग झालेल्या गोष्टी, तारीखवार जमल्या तर. मग आजची स्थिती: झोप, भूक, दचकणं, स्वप्नं, जगण्याची इच्छा. नैराश्य आणि आघात मोजायच्या ठरलेल्या प्रश्नावल्या असतात, त्या भरून घेतात. जुने वैद्यकीय कागद, पोलिसांचे कागद, नातेवाइकांची निवेदनं वाचतात. ही लक्षणं नाटकी तर नाहीत ना, हेही तपासतात. आणि त्याचा राग मानायचं कारण नाही. शेवटी आठ-दहा किंवा पंधरा-वीस पानांचा अहवाल.

एक मोठी मेख इथे आहे. भयंकर गोष्ट सांगताना माणूस गोंधळतो. तारीख चुकते, आधीचं नंतर सांगतो, मधलं विसरतो. अधिकाऱ्याला वाटतं, कालचं आणि आजचं जुळत नाही, म्हणजे खोटं. आघाताच्या आठवणी अशाच तुटक असतात, हे तज्ज्ञच त्याला समजावू शकतो. उलट, पाठ केलेली हकीकत सरळ सुटसुटीत येते. त्यामुळे वकिलाने घोटून घेतलेली मुलगी पुष्कळदा आपलंच नुकसान करून घेते.

असा अहवाल लागतो तो आणखी एक प्रकार, आणि तो साधा आहे. नवऱ्याने किंवा बायकोने व्हिसाची मुदत चुकवलेली असते, कधी काही खोटं लिहिलेलं असतं, आणि त्याला परत पाठवायची वेळ येते. माफीच्या अर्जात दाखवावं लागतं की याला पाठवलं तर तिथे राहणाऱ्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला किंवा आईबापांना अत्यंत त्रास होईल. इथे कायदा कठोर आहे. विरहाचं नेहमीचं दुःख त्याला पुरत नाही. ते सगळ्यांनाच होतं, असं तो म्हणतो. मग सगळ्यांपेक्षा वेगळं काय? बायकोला आधीच नैराश्याचा विकार आहे, औषधं चालू आहेत, एकदा जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न झाला आहे, आणि औषधं वेळेवर देणारा हाच नवरा आहे, असं काही. सामान्य दुःख आणि आजार यांच्यामधली रेघ कायद्याने आखायला सांगितली आणि मानसशास्त्रज्ञाच्या हातात पट्टी दिली. मला खासगीत विचाराल तर ही रेघ मला आवडत नाही. नवरा बायकोपासून तुटला, हे दुःख नेहमीचं म्हणून लहान कसं? पण रेघ आहे, आणि तिच्या कोणत्या बाजूला कोण आहे, ते खरं सांगायचं आहे.

खरं सांगायचं, हे मी जोर देऊन म्हणतो. कारण जिथे कागदाला किंमत आली तिथे कागदाचा बाजार भरतो. आपल्याला हे नवीन नाही. शाळेच्या रजेसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, नोकरीसाठी दाखले कसे मिळतात, ते या मंडपात मी सांगायला नको. (हशा) तिकडेही असे लोक आहेत. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर तपासणी, पानं तीच, फक्त नाव बदलायचं, प्रत्येकाला आघातजन्य तणावविकार आणि प्रत्येकाचा पराकोटीचा. अधिकारी मूर्ख नसतो. शंभर फायली एकाच भाषेत रडायला लागल्या की त्याचा एकशेएकाव्या फायलीवरचा विश्वास उडतो, आणि ती एकशेएकावी खरी असू शकते. खोटा अहवाल घेणारा आपल्यापुरतं पाप करत नाही, पुढच्या रांगेतल्या खऱ्या बाईचं दार लावतो.

दुभाष्याकडे येतो. गोडार्डच्या दुभाष्यांना शंभर वर्षं उलटून गेली, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. आपल्या भागातली मुलगी. घरात पोवारी, शेजारी मराठी, शाळेत हिंदी. तिच्यासाठी हिंदीचा दुभाष्या बोलावतात. भारतीय म्हणजे हिंदी, असा तिकडे पुष्कळांचा समज. तिला हिंदी येतं. पण सासरी काय झालं ते हिंदीत सांगता येतं का? "जीव घाबरा होतो," "पोटात खड्डा पडतो," "अंगातला जीवच गेल्यासारखा वाटतो" असं ती म्हणणार. दुभाष्याने तेवढंच पोट आणि तेवढाच जीव पुढे केला, तर डॉक्टर तिला पोटाच्या डॉक्टरकडे पाठवेल. सर्वांत वाईट म्हणजे दुभाष्या म्हणून नणंद किंवा दीर बसणं. असं होऊ द्यायचं नाही. नातेवाईक दुभाष्या चालत नाही, हे कुठल्याही चांगल्या तज्ज्ञाला माहीत असतं. पण आपण ते मागायला हवं, अगदी ठणकावून.

या बाबतीत आपल्याकडचं एक काम अभिमानाने सांगावं असं आहे. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून निरक्षर खेडूत म्हाताऱ्यांची स्मृती तपासायची हिंदी चाचणी तयार केली, १९९० च्या दशकात. इंग्रजी चाचणीत विचारतात, हे साल कोणतं? शेतातल्या आजीला सालाशी काय देणंघेणं? तर इथे विचारायचं, आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? बुद्धी तीच तपासली गेली, शाळा तपासली गेली नाही. एलिस बेटावरच्या फुल्यांना याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

हे आजींचं उदाहरण उगाच दिलं नाही. मुलगा नागरिक झाला की आईवडिलांना बोलावतो. ग्रीन कार्ड मिळतं, पुढे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी इंग्रजीची आणि अमेरिकेच्या इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा आहे. वय पन्नास आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं, किंवा पंचावन्न आणि पंधरा, असेल तर इंग्रजी माफ. परीक्षा आपल्या भाषेत. तेही ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे जमत नाही, त्यांच्यासाठी एन-६४८ नावाचा अर्ज आहे. तो डॉक्टरने किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाने भरायचा, आणि आजारामुळे नवं शिकणं कसं अशक्य झालं ते त्यात स्पष्ट लिहायचं. नुसतं "वय झालं, विसरतात" चालत नाही. आणि मुलांना इथे एक गोष्ट जड जाते, मी ती पाहिली आहे. "माझ्या बाबांना वेड लागलंय का?" म्हणून ते चिडतात, आणि अर्जच भरत नाहीत. बाबांना आजार आहे, म्हणा. म्हणायला शिका.

आता परत आपल्या देशात. आपण काय करतो? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा इंग्रजांनी जाता जाता केला, आणि आपण तो जवळपास ऐंशी वर्षं वापरला. २०२५ मध्ये नवा कायदा आला. मी परका नाही, हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय आला त्या माणसावरच असतं. ज्याच्या घरी महापूर येऊन गेला, ज्या बाईचं लग्न होऊन नाव बदललं, ज्याला लिहितावाचता येत नाही, त्याने कागद कुठून आणायचे? स्मृती कशी चालते, भीतीखाली माणूस कसा बोलतो, हे सांगणारा तज्ज्ञ हा निवाडा होतो त्या खोलीत क्वचितच असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, पुढच्या वर्षी लागू झाला. चांगला कायदा आहे. पण हद्द ओलांडून आलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर फारसा नाही.

गीता आठवते ना? २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानातून परत आलेली, ऐकू न येणारी, बोलू न शकणारी मुलगी. कराचीला एधी फाउंडेशनने तिला लेकीसारखं वाढवलं होतं. आल्यावर ती इंदूरला राहिली. तिच्याकडे कागद नव्हता, आवाज नव्हता, गावाचं नाव नव्हतं. फोटो बघून तिने एका कुटुंबाकडे बोट दाखवलं, ते जुळलं नाही. मग खुणांच्या भाषेच्या जाणकारांनी धीराने बसून तिच्या आठवणी काढल्या: नदी, रेल्वे स्टेशन, ऊस, भुईमूग. त्या आठवणींचा माग काढत शोध मराठवाड्याकडे सरकला, आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातली आई पुढे आली. कोर्टाची भाषा बोलायची तर या मुलीजवळ पुरावाच नव्हता. होती ती आठवण, आणि ती ऐकून घेणारं कुणीतरी. एखाद्याच्या आठवणी गोळा करून त्यांचा अर्थ लावणं, हे काम आपल्याकडे झालं, आणि उत्तम झालं. पण ते एका मुलीच्या नशिबाने आणि बातम्यांच्या प्रकाशाने झालं. नियमाने झालं नाही.

आता एक विनंती, ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना. लेकीने रात्री फोन करून काही सांगितलं, तर तो दिवस कुठेतरी लिहून ठेवा, वहीत का होईना. व्हॉट्सअॅपवरचे तिचे निरोप आणि आवाजी संदेश पुसू नका. जावयाचे तर मुळीच पुसू नका. गावातल्या डॉक्टरकडे ती सुट्टीत आली असताना दाखवलं असेल, तर चिठ्ठी जपा, औषधाच्या पाकिटासकट. कधी तिकडच्या वकिलाचा किंवा डॉक्टरचा फोन आला, तर जे पाहिलं ते सांगा, आणि जे फक्त ऐकलं ते ऐकलं म्हणूनच सांगा. वाढवू नका. लाजेने कमीही करू नका. तुमचं निवेदन नोटरीकडून करून घ्यायचं असेल तर ते बालाघाटला होईल, गोंदियाला होईल. मजकूर मराठीत किंवा हिंदीत असला तरी चालतो, सोबत भाषांतर जोडावं लागतं. आणि "सहन कर, संसार आहे" हे वाक्य बोलण्याआधी तिचा पासपोर्ट कुणाजवळ आहे, एवढं विचारा.

माझा वेळ संपला, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे द्या. नाव लिहायची गरज नाही.